गंगे, कावळ्यानं घाई केली

गंगे, तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. किसननं धरणाच्या पाण्याकाठी पिंड ठेवला, चार पावलं मागं सरला, आणि त्याचे हात नीट जोडून व्हायच्या आत कावळा खाली उतरला. सगळ्यांना बरं वाटलं. कुणाकुणाला दुपारपर्यंत ताटकळावं लागतं, शेवटी दर्भाचा कावळा करून वेळ मारून न्यावी लागते. तुझ्या लेकावर ती पाळी आली नाही. "सुटली म्हातारी. काय बी राह्यलं न्हवतं तिचं," वाडीतलं कुणीतरी म्हणालं, आणि मंडळी उन्हातून उठून सावलीला गेली.

मी उठले नाही. मला राग आला होता. आधी कावळ्याचा, मग तुझा. काही राहिलं नव्हतं म्हणजे काय? तुला माझ्याकडून जे हवं होतं ते मी दिलंच कुठं होतं? शेवटच्या भेटीत तू विचारलंस, "सुमे, सही केलीस का गं?" आणि मी म्हणाले, "बघू." जन्मभर माझं एक वाक्य खाली पडू न देणारी तू, कूस बदलून भिंतीकडं तोंड करून पडून राहिलीस. चौथ्या दिवशी गेलीस. कावळा लगेच शिवला याचा मला कळलेला अर्थ एवढाच, की तू माझी आशा सोडून गेलीस.

हे मला सहन होत नाही. मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात, पण आपण जिवंतपणी दुसरं केलं काय? म्हणून आज भूगावच्या या तिसऱ्या मजल्यावर वही घेऊन बसले आहे. तुला वाचता येत नव्हतं, तरी माझी पोस्टातून आलेली पत्रं तू किसनकडून दोनदोनदा वाचून घ्यायचीस. हेही कुणाकडून तरी घेशील.

आपल्या भांडणाची सुरुवात आठवते का? मी दहाची, तू अकराची. तू वरच्या वाडीतली, देवराईच्या पुजाऱ्याची लेक. मी खालच्या गावातल्या जमीनवाल्यांची. तुझी आई आमच्या खाचरात भातलावणीला यायची आणि तू तिच्या मागं. दुपारी मोठी माणसं भाकरीला बसली की आपण दोघी वाघजाईच्या राईत पळायचो. राईत शिरताना चपला बाहेर. आत कोयता न्यायचा नाही, वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, पडलेलं झाड पडल्या जागी कुजू द्यायचं. आणि बाहेर पडताना शेंदूर लावलेल्या दगडापाशी उभं राहून बायकांनी पदर झटकायचा, पुरुषांनी खिसे. देवीचं पान देवीपाशी, बी देवीपाशी. चुकून काही आलं असेल तर ते तिथंच पडावं.

मला पदर नव्हता, फ्रॉक होता. फ्रॉकच्या खिशात मी गारंबीची बी टाकली. हात-दीड हात लांबीच्या शेंगेतली ती चपटी, तपकिरी, हातात घेतली की सोडवत नाही अशी बी. दगडापाशी मी खिसा झटकला नाही. रात्री मला ताप भरला. तो पावसात भिजून आला होता हे आज मी शपथेवर सांगेन, पण त्या दिवशी घाबरून आईला सगळं सांगून टाकलं. आई तशीच तुझ्या बापाकडं गेली. तू पुढं होऊन म्हणालीस, "मीच दिली तिला बी." बापानं तुला शिमटीनं झोडलं. दुसऱ्या दिवशी तू माझ्या हातातून बी नेलीस आणि संध्याकाळी येऊन सांगितलंस, "दिली जिची तिला." माझा ताप उतरला. मी तुला कधी विचारलं नाही, की खोटं का बोललीस. तूही बोलली नाहीस. तुझ्या पोटरीवरचा तो वळ मात्र मी पुष्कळ दिवस बघत होते.

मग मी शिकले, पोस्टात लागले, लग्न होऊन भूगावला आले. तू तिथंच राहिलीस. नवरा लवकर गेला, बापही गेला, आणि राईची पूजा कोण करणार म्हणून पंच डोकं खाजवत बसले तेव्हा तू सरळ घंटा आणि तेलाची बुधली उचललीस. बाईमाणसानं गाभ्यात जायचं नाही, असं कुणी म्हणालं. "आत बसलीया ती कोन हाय मंग? पाटील?" असं तू विचारलंस.

आपलं मोठं भांडण अभयारण्यावरून झालं. राईच्या पलीकडं, घाटमाथ्याच्या कड्याला लागून जे रान आहे, जिथून कोकण सरळ पायाखाली दिसतं, ते सरकारनं राखीव केलं. तिथून स्वच्छ हवेत समुद्राची रेघ दिसते असं तू म्हणायचीस. मला ती कधी दिसली नाही. तू म्हणायचीस, "चष्मा पुस." हद्दीवर बोर्ड लागला. मी तुला तो वाचून दाखवला : विनापरवाना प्रवेश करू नये.

"हे कुनाला लिवलंय?"

"सगळ्यांना."

"शेकराला वाचता येतंय का?"

मी हसले, पण तू हसत नव्हतीस. त्याच रानात तू लहानपणापासून हिरडा वेचायचीस. नव्या गार्डनं अर्ध्या पोत्यासकट तुला अडवलं. पोरगा मराठवाड्याकडचा, नोकरीत नवा, तोही बिचारा घाबरलेला. तू पोतं खाली ठेवलंस आणि म्हणालीस, "आमी राखलं म्हून तुमाला राखायला गावलं, साहेब. न्हाईतर हितं बोर्ड कशाला ठोकला असता? बुडख्याला?"

मी मात्र सरकारच्या बाजूनं होते. अजूनही आहे. मी तुला म्हणाले होते, तुझ्या देवीच्या भीतीवर किती दिवस रान टिकणार? रविवारी गाड्या घेऊन येणाऱ्या पोरांना कुठली वाघजाई? कायदा पाहिजे, कागद पाहिजे. तू म्हणालीस, "कागदाला वाळवी लागती." मी म्हणाले, "भीतीलाही लागते." पुढच्याच रविवारी तू मला मुद्दाम बोलावून घेतलंस. राईत बाटली फोडणाऱ्या एका पोराला तू काचेचा एकेक तुकडा वेचायला लावलास. मग त्याला दगडापाशी उभा केलास आणि म्हणालीस, "खिसं उलटं कर." त्याचे मित्र हसत होते. पण त्यानं केले. फोन, चाव्या, कंगवा, आणि एक बेहड्याचं फळ खाली पडलं. ते फळ तू उचलून आत फेकलंस.

"तो तुला भ्याला," मी म्हणाले. "देवीला नाही."

"मंग? देवी काय येगळी असती व्हय?"

हे तू पुढची कितीतरी वर्षं मला ऐकवलंस. तो गार्ड पुढं तुझ्याच हातचा चहा प्यायला लागला, शेकराची घरटी मोजायला तुला बरोबर न्यायला लागला. झाडाच्या शेंड्याला काटक्यापाल्याचे गोळे दिसले की तो वहीत आकडा टाकायचा, आणि तू म्हणायचीस, "एवढी शेकरं न्हाईत, बाबा. एकच शेकरू सा-सात घरं बांधतंय. त्या बंगलेवाल्यांवानी. राहतंय एकात."

आणि आता मी त्या माळाकडं येते, जिथं मला यायचं नव्हतं.

राई आणि अभयारण्य यांच्या मधला पट्टा आमचा. सातबाऱ्यावर दादाचं नाव, आणि कायद्यानं माझंही. आम्ही लहान असताना तिथं कुसळांशिवाय काही नव्हतं, म्हणून त्याला माळच म्हणतात. आज तिथं दाट झाडी आहे, आणि तिच्या शेंड्याशेंड्यांवरून शेकरं राईतून अभयारण्यात आणि तिकडून इकडं ये-जा करतात. "शेकरू जमिनीवर उतारलं की कुत्र्याचं झालं," हे तू मला किती वेळा सांगितलंस. मधली झाडं गेली तर राईतली शेकरं राईतच अडकतील, आणि एवढ्याशा राईवर किती पिढ्या काढतील?

दादाला तो पट्टा बंगल्यांच्या प्लॉटिंगला द्यायचा आहे. दादा वाईट माणूस नाही. कासार आंबोलीपासून वर सगळ्यांनी विकलं, आपणच का मागं राहायचं, एवढंच त्याचं म्हणणं. घेणाऱ्याला कोकणाकडचा व्ह्यू हवा आहे, आणि प्रत्येकाची सही हवी आहे. म्हणजे मी हक्कसोड लिहून द्यायचं. पौडला रजिस्ट्री कचेरीत जायचं, अंगठा, फोटो, सही, आणि मग भावाकडून साडी. आमच्याकडं शहाण्या बहिणी असंच करतात. जी करत नाही ती माहेराला मुकते, हे कुणी तोंडानं सांगावं लागत नाही. त्या प्रकल्पाचं जे गुळगुळीत पुस्तक दादानं मला दाखवलं, त्याच्या मुखपृष्ठावर शेकराचं चित्र होतं. झुबकेदार शेपूट, हातात फळ. मी ते तुला आणून दाखवलं. तू त्या शेपटीवरून बोट फिरवलंस आणि म्हणालीस, "फोटू ब्येस हाय. ह्याला इचारलं का?"

मग तू म्हणालीस, "सही करू नगंस." मी चिडले. मी म्हणाले, तुझं काय जातंय सांगायला? भाऊ माझा तुटणार आहे, दिवाळीला दार माझं बंद होणार आहे. तुला माहेर गावातल्या गावातच, तुला काय कळणार? हे बोलायला नको होतं. तू शांतपणे म्हणालीस, "म्हायेर काय भावाच्या खिशात असतंय व्हय?" मी तडक एसटी पकडली. त्यानंतर तू तापानं पडलीस हे मला किसनच्या फोनवरून कळलं. मी आले, आणि मग ते "बघू."

मी भित्री होते, गंगे. देवीला न भिणारी मी भावाच्या तोंड फिरवण्याला भीत होते. हे तुला माहीत होतं, म्हणूनच तू भिंतीकडं वळलीस.

दहाव्याचं जेवण होईपर्यंत माझ्याच्यानं बसवलं नाही. तुझी सून चंद्रा म्हणाली, "चला मावशी, राईत दिवा लावून येऊ." दिवा लावून आम्ही बाहेर आलो. दगडापाशी मी सवयीनं पदर झटकला. त्या दिवशी साडी नेसले होते. चंद्रानं पदर नुसता हलवल्यासारखं केलं आणि पुढं चालायला लागली. ती माळाच्या बांधापर्यंत गेली. तिथं मोजणीवाल्यांनी फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारून ठेवल्या होत्या, झाडांच्या बुंध्यांना नंबर घातले होते. चंद्रा रेघ ओलांडून आत गेली आणि तिनं पदर मोकळा करून जोरात झटकला. चारपाच हिरडे आणि जांभळाच्या बिया पाचोळ्यात पडल्या.

"हे काय गं?"

"आत्याबाई हितंच झटकायच्या," ती म्हणाली. "दगडापाशी नुस्ता हलवायच्या, लोकांना दाखवायला. मला बी तसंच शिकवलं. मी एकदा इचारलं, देवीचं भाईर कसं काय नेता? तर म्हनल्या, देवीला लेकरं झाली तर ती काय जलमभर घरातच कोंडायची?"

मी खालीच बसले. चंद्रा पुढं सांगत होती, की तू दर वर्षी देवीपुढं एक जादा नारळ फोडायचीस आणि कान धरून माफी मागायचीस. पोरांचे खिसे उलटे करणारी, पडलेलं बेहड्याचं फळ आत फेकणारी तू, स्वतः जन्मभर राईतून बी चोरून नेत होतीस. आणि जिची चोरी करायचीस तिलाच भीत होतीस. आमचे वडील म्हणायचे, माळावर झाडं आपोआप आली. राईचंच बी असणार, कोण हात लावंल, म्हणून त्यांनी कधी तोडली नाहीत. आपोआप! एवढी वर्षं एक बाई रोज पदर झटकत होती, आणि आमच्या घरात कुणालाच ते दिसलं नाही.

मग वर बघितलं तर नंबर घातलेल्या ऐनाच्या एका जुन्या झाडाला गारंबी वेढे घालून चढली होती. मांडीएवढा जाड वेल. लांबलचक शेंगा लोंबत होत्या. गारंबी राईच्या बाहेर कुठंही नाही, हे तूच मला शिकवलं होतंस. ही कशी आली, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. "दिली जिची तिला" असं म्हणाली होतीस ना? आमच्या बांधात लावलीस! अकरा वर्षांची होतीस तू, पोटरीवर वळ ताजा होता, आणि मार खाऊन वाचवलेली ती बी तू राईत टाकली नाहीस. आणि मला इतक्या वर्षांत एकदाही सांगितलं नाहीस. का? सांगितलं असतंस तर मी त्या दिवशी "बघू" म्हणाले नसते. की झाडांसाठी सही अडवावी, बीच्या उपकारासाठी नको, असं तुझं होतं? तू होतीसच तशी ताठ. यावर मला तुझ्याशी पोटभर भांडायचं होतं, आणि तू नाहीस. मी त्या वेलाला धरून रडले.

दादा आम्हाला शोधत तिथंच आला. जेवणावळीतून उठून आला होता. माणूस दुखवट्यात आहे हे बघून तो हळूच म्हणाला, "सुमन, सोमवारी पौडला येतीस ना?"

"न्हाई," मी म्हणाले.

"मग मंगळवारी?"

"दादा, मी सही करनार न्हाई. सोमवारी न्हाई, कदीच न्हाई." इतकी वर्षं शहरात राहून जे बोलणं मी घासून पुसून टाकलं होतं, ते आपोआप तोंडात आलं.

त्याला आधी कळलंच नाही. मग त्याचा चेहरा उतरला. "त्या वाडीवालीच्या नादाला लागून भाऊ तोडतीस?"

"मी न्हाई तोडत. तू झाडं तोडतुयास."

"मग आजपासून माहेर संपलं समज."

हे वाक्य ऐकायला मी किती घाबरत आले होते. ते आलं, आणि मी तिथंच उभी होते, माझ्या बापाच्या मातीत, तुझ्या झाडांखाली. मी म्हणाले, "म्हायेर काय तुझ्या खिशात हाय व्हय?" उसनं वाक्य, पण वेळेला कामाला आलं. दादा निघून गेला. मी पायानं फक्कीची रेघ पुसत निघाले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पुन्हा मारतील हे माहीत होतं, तरी पुसली. चंद्रा दुसऱ्या बाजूनं पुसत आली.

आता दादा कोर्टात जाईन म्हणतोय. जाऊ दे. माझं वय झालं आहे, पण कोर्टाच्या तारखा खायला अजून दात आहेत. त्या गार्डला, आता तो मोठा साहेब झालाय, मी फोन केला. हा पट्टा अभयारण्याला जोडून राखीव करता येतो का, काय अर्ज करायचा, विचारलं. हो, कागद! तुझं काही चालू देणार नाही. भीती तू राखलीस, कागद मी राखते. वाळवी लागली तर झटकून पुन्हा लिहीन. वहिनीचा फोन येत नाही. भाच्याच्या मुलीचं बारसं झालं, मला बोलावलं नाही. ते लागलं, खोटं कशाला सांगू? त्या दिवशी मी एसटीनं वाडीला गेले आणि चंद्राच्या हातची नाचणीची भाकरी खाऊन आले. येताना पदर कुठं झटकला ते सांगायला नको.

आता राहिली एकच काळजी. माझ्यामागं काय? माझा हिस्सा माझ्या मुलांकडं जाणार. मुलगा हिंजवडीत नोकरीला, त्याला माळ आणि राई यातला फरकही धड माहीत नाही. पण दहावं तो करील, लोकलाजेला करील. म्हणून मी एक ठरवलं आहे. तुझ्या वेळी कावळ्यानं घाई केली, माझ्या वेळी ती चालणार नाही. त्याच पाण्याकाठी पिंड ठेवायचा असं मी लिहून ठेवलंय. मंडळी उन्हात बसतील, दुपार टळेल, कुणी घड्याळ बघेल. मुलगा एकेक कबूल करत जाईल : वर्षश्राद्ध घालतो, नातवंडांचं शिक्षण बघतो, घर विकत नाही. कावळा हलणार नाही. दर्भाचा कावळा चालणार नाही, तसंही लिहून ठेवलंय. शेवटी गर्दीतून चंद्रा पुढं होऊन त्याच्या कानात सांगेल काय म्हणायचं ते. आणि "झाडांना हात लावणार नाही" हे शब्द त्याच्या तोंडून, मोठ्यानं, सगळ्यांदेखत बाहेर पडेपर्यंत गंगे, तू वरून त्या कावळ्याला धरून ठेव.